वाट कोणाच्या पायांनी मोजायची?

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरून दरड सुटली आणि पायथ्याजवळची इर्शाळवाडी तिच्याखाली गेली. रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातली ही ठाकर आदिवासींची वाडी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून जाताना गडाचा सुळका स्पष्ट दिसतो, पण वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. होती ती एक चढाची पायवाट. भर पावसात, अंधारात, बचावपथकं त्याच वाटेने वर गेली. नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने गेला. माती उपसायची यंत्रं वर नेता येईनात, खराब हवेमुळे हेलिकॉप्टरचाही उपयोग होईना. जवान आणि आसपासचे गावकरी फावड्या-घमेल्यांनी ढिगारा उपसत राहिले. २३ जुलैला शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती.

हीच पायवाट डोंगरभटक्यांच्या ओळखीची. वाडीपर्यंतचा टप्पा त्यांच्या हिशेबी सोपा, पाठीवर पिशवी टाकून रविवारी सकाळी सहज चढण्यासारखा. त्यांचं म्हणणं खोटं नाही. तरुण पाय, चांगले बूट, उजेड आणि परत फिरण्याची मोकळीक असली की वाट सोपीच वाटते. मात्र डोक्यावर हंडा घेतलेली बाई, दप्तर सांभाळत खाली शाळेत जाणारं पोर, गुडघे धरलेला म्हातारा आणि झोळीतला रुग्ण यांना ती वाट तशी भेटत नाही. म्हणून एखादी ग्रामीण पायवाट कशी आहे, असं कोणी विचारलं तर आधी विचारायला हवं: कोणासाठी, आणि कोणत्या महिन्यात?

असं विचारण्याची गरज अजून संपलेली नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली तेव्हा सपाटीवर किमान ५०० आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात किमान २५० लोकवस्ती असलेल्या वस्त्या बारमाही रस्त्याने जोडायचं ठरलं. त्या निकषाने लाखो माणसांची सोय झाली. पण सह्याद्रीच्या आणि सातपुड्याच्या कुशीतल्या कित्येक वाड्या-पाड्यांत शंभर-दीडशेच माणसं राहतात. त्यांच्यासाठी पायवाट हाच रस्ता. २०२२ च्या पावसाळ्यात पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर मुदतीआधी जन्मलेली जुळी बाळं दगावली. रक्तस्राव होत असलेल्या आईला झोळीत घालून निसरड्या वाटेने सुमारे तीन किलोमीटर न्यावं लागलं. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर धावते आहे, पण ती डांबर संपतं तिथेच थांबते. तिथून पुढचं अंतर वाट ठरवते.

अशा वाटेची तपासणी करायची तर सुरुवात शिवारात नाही, तलाठ्याच्या दप्तरात होते. प्रत्येक गावाचा नकाशा असतो आणि त्यावर रस्ते वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेले असतात. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा ग्रामीण रस्ता दोन भरीव रेषांनी, गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी, पायमार्ग एका तुटक रेषेने. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्गाची सव्वाआठ फूट. सव्वाआठ हा आकडा विचित्र वाटतो, पण गुंठ्याची बाजू ३३ फुटांची असते आणि सव्वाआठ हा तिचा बरोबर चौथा हिस्सा. जुन्या मोजणीत पायी चालणाऱ्याचाही हिशेब धरलेला होता.

आता नकाशा खिशात घालून प्रत्यक्ष वाटेवर गेलं की सव्वाआठ फुटांचे दीड-दोन फूट उरलेले दिसतात. दर नांगरटीला बांध थोडा कोरला जातो, पुढच्या वर्षी आणखी थोडा. मग कडेला काटेरी कुंपण येतं, कुंपणाबाहेर बाभळ आणि घाणेरी वाढते. आडोशाला कोणी उकिरडा करतो, कोणी वैरणीची गंज रचतो. एका दिवसात कोणी वाट खात नाही, म्हणून भांडणही एका दिवसात उभं राहत नाही. उभं राहतं तेव्हा ते भावकीतलं असतं आणि पिढ्यान्‌पिढ्या चालतं. कायदा मात्र जुना आणि सरळ आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ नुसार वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतो. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि बहुतेक गावकरी चुकतात ते इथेच. वाटच नसेल तर जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. २०२५ मध्ये महसूल विभागाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ सदरात व्हावी, असंही ठरवलं. या नोंदीचं मोल मोठं आहे. जमीन विकली गेली तरी कागदावरची वाट विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहते.

रुंदीचा हा मुद्दा रुग्णाच्या संदर्भात पाहिला की त्याची निकड कळते. बांबूला बांधलेली झोळी दोघं जण पुढे-मागे होऊन नेतात. त्यांना अरुंद वाट पुरते, पण तीव्र वळणावर लांब बांबू फिरत नाही आणि उतारावर रुग्णाचं डोकं खाली जातं. चौघांनी धरायचं स्ट्रेचर स्थिर राहतं, मात्र त्याला दोन्ही कडेची माणसं चालतील एवढी जागा हवी. नकाशावरच्या सव्वाआठ फुटांत ते आरामात जातं. दीड फुटांत जात नाही.

रुंदीनंतर जमीन, आणि जमिनीच्या बाबतीत महाराष्ट्रात एकच माप चालत नाही. कोकणातल्या जांभ्यातून पाणी पटकन मुरतं. चिऱ्यांच्या पाखाड्या म्हणूनच पावसाळ्यातही तग धरतात, फक्त सावलीतल्या पायऱ्यांवर शेवाळ चढतं आणि तिथे पाय सरकतो. घाटवाटांवर काळा कातळ लागतो. नाणेघाटाची दगडी बांधणीची वाट सातवाहन काळापासून जुन्नरला कोकणाशी जोडत आली, कारण घडवणाऱ्यांनी चढाला पायऱ्या दिल्या होत्या. देशावरच्या काळ्या मातीत सगळं उलटं. ही माती पाणी पिऊन फुगते, पायाला चिकटते, उन्हाळ्यात वाळून भेगाळते. मार्च महिन्यात या वाटेवरून सायकल जाते आणि जुलैमध्ये चप्पल रुतून बसते. मार्चमध्ये केलेली पाहणी म्हणून अर्धीच असते.

पाणंदीचा तर स्वभावच पाणी गोळा करण्याचा. दोन्ही बाजूंच्या शेतांचे बांध उंच, मधली वाट शतकभराच्या वर्दळीने खोल गेलेली. पाऊस झाला की दोन्हीकडचं पाणी तिच्यात उतरतं आणि पाणंद ओढ्यासारखी वाहू लागते. अशा वाटेवर नुसता मुरूम टाकणं म्हणजे पुढच्या पावसात तो वाहून जाऊ देणं. आधी दोन्ही कडांना चर, पाणी आडवं जातं तिथे मोरी, मधला भाग थोडा उंच, आणि मग दाबून बसवलेला मुरूम, असा क्रम असावा लागतो. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेतून २०२१ नंतर अनेक गावांत कामं झाली. काम चांगलं झालं की नाही हे त्याच्या उद्घाटनाला कळत नाही, पहिल्या पावसानंतर कळतं. आणखी एक गोष्ट पाहणीत सुटते: रुंद झालेल्या पाणंदीवरून ट्रॅक्टर जाऊ लागले की चिखलात खोल चाकोऱ्या पडतात आणि पायी माणूस पुन्हा बांधावर ढकलला जातो. वाहनाला सोयीची वाट पायी माणसाला सोयीची असेलच असं नाही. दोघांचा विचार वेगळा करायला हवा.

ओढे आणि साकव यांना पाहणीत सगळ्यात जास्त वेळ द्यावा. बाकीची वाट वाईट असेल तर उशीर होतो. इथे जीव जातो. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला. चार जण गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. हा पूल मुळात गावकऱ्यांच्या ये-जा करण्यासाठी होता, त्यावर रविवारी पर्यटक लोटले. साकव किती माणसांचा भार घेतो, त्याचे कठडे शाबूत आहेत का, पाणी कितपत चढलं की तो बंद करायचा आणि बंद असताना दुसरी वाट कोणती, हे तिथे पाटीवर लिहिलेलं असायला हवं. ते न वाचणाऱ्यांसाठी पाण्याच्या पातळीला लाल पट्टाही हवा.

चढ मोजणं लोकांना अवघड वाटतं, प्रत्यक्षात ते सोपं आहे. दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर आलो तर चढ एकास दहा. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत २०१६ पासून गावोगावचे लोक ए-फ्रेम आणि हायड्रोमार्कर हाताळून समपातळी काढायला शिकले. तीच साधनं वाटेवर लावली की कुठला टप्पा म्हाताऱ्या माणसाला दमवणार, हे आकड्यात सांगता येतं. वेळेचा अंदाज बांधायला गिर्यारोहकांत स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथचा १८९२ चा नियम चालतो: तासाला साधारण पाच किलोमीटर, शिवाय दर तीनशे मीटर चढाला अर्धा तास जादा. हा नियम धडधाकट माणसाचा. आठव्या महिन्यातल्या बाईला त्या वाटेला किती वेळ लागतो, ते तिच्याबरोबर चालणाऱ्या आशाताईलाच ठाऊक असतं. तिचा अंदाज कागदावर आला तर त्याचा थेट उपयोग आहे. आदिवासी भागात प्रसूतीआधी काही दिवस आईला आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवण्यासाठी ‘माहेरघर’ योजना आहे. कोणत्या पाड्यावरच्या बाईला किती दिवस आधी खाली आणायचं, हे वाटेची अवस्था पाहूनच ठरवावं लागतं.

इंग्लंडमध्ये या मोजमापाची शिस्त बरीच पुढे गेली आहे. तिथल्या शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा कायद्याने नोंदलेल्या आहेत. १९९० च्या कायद्याने शेतकऱ्याला नांगरट करायची मुभा दिली, पण पहिल्या नांगरटीनंतर चौदा दिवसांच्या आत वाट पुन्हा चालण्याजोगी करून द्यायचं बंधनही घातलं. शेताच्या मधून जाणारी पायवाट निदान एक मीटर रुंद ठेवावी लागते. कुंपणातून वाट जाते तिथे काय असावं, यासाठीही मानक आहे. आधी नुसती मोकळी फट ठेवता येते का पाहायचं. गुरं आवरायची असतील तरच फाटक. चढून ओलांडायच्या पायऱ्या अगदी शेवटी, कारण पायऱ्या आल्या की चाकाची खुर्ची आणि बाळगाडी तिथेच थांबते.

लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाने या विचारातून ‘माइल्स विदाउट स्टाइल्स’ नावाने अशा पायऱ्या नसलेल्या पन्नासच्या आसपास वाटा निवडल्या. त्यांचे तीन वर्ग आहेत: सर्वांसाठी, बऱ्याच जणांसाठी, काही जणांसाठी. सर्वांसाठीच्या वाटेवर चढ एकास दहापेक्षा जास्त नाही, पृष्ठभाग डांबराचा किंवा घट्ट दाबलेल्या बारीक खडीचा, रुंदी किमान एक मीटर. दुसऱ्या वर्गात सुटे दगड चार सेंटिमीटरपर्यंत चालतात. तिसऱ्यात चढ एकास आठपर्यंत जातो आणि वाट खडबडीत असते. यातली महत्त्वाची गोष्ट आकडे नाहीत. सोपी-मध्यम-कठीण अशी चालणाऱ्याच्या हिमतीवर केलेली विभागणी त्यांनी बाजूला ठेवली आणि वाट कोणाकोणाला सामावून घेते यावर वर्ग पाडले. चाकाच्या खुर्चीतला माणूस घरबसल्या माहिती वाचून ठरवू शकतो की आपल्याला जमेल की नाही.

महाराष्ट्रातल्या प्रत्येक डोंगरवाटेवर चाकाची खुर्ची नेता येणार नाही, आणि तसा आग्रह धरणंही बरोबर नाही. सह्याद्रीची चढण एकास दहा करायची तर डोंगर फोडावा लागेल, आणि फोडलेला डोंगर दरडींना आमंत्रण देतो. पण प्रत्येक वाटेबद्दल खरी माहिती देता येते: कुठे किती चढ, कुठे पाणी, किती महिने बंद, झोळी जाते की स्ट्रेचर. अनेक ठिकाणी थोडक्या कामाने वाटेचा वर्ग बदलतो. एका मोरीने, दहा-बारा पायऱ्यांनी, वळणावरची बाभळ तोडून, निसरड्या कडेला दोरखंड किंवा लोखंडी नळ बांधून.

वाटांच्या पाहणीसाठी नवी यंत्रणा उभारायला नको. शिवारफेरी गावांना माहीत आहे. पाणलोटाच्या आणि रोजगार हमीच्या कामांआधी ती निघत आली आहे. तीच फेरी वाटेवर न्यावी. १५ ऑगस्टची ग्रामसभा ऐन पावसाळ्यात येते, म्हणून तिच्या आधीच्या आठवड्यात, वाट सगळ्यात वाईट असताना निघावं. सरपंच आणि तलाठी नकाशा घेऊन येतील. त्यांच्याबरोबर आशाताई हवी, रोज पाणी आणणारी एक बाई हवी, शाळेतलं एक मूल आणि काठी टेकत चालणारं एक माणूस हवं. वेळ त्या काठीवाल्याच्या चालीने मोजावी. पाय कुठे सरकला, पाणी कुठे गुडघ्यापर्यंत आलं, नकाशावर सव्वाआठ फूट असताना जमिनीवर किती उरले, हे त्या-त्या जागी लिहून घ्यावं, फोटो काढावा आणि तो कागद ग्रामसभेत वाचून इतिवृत्तात चढवावा. ज्या शेतकऱ्यांच्या बांधांमधून वाट जाते त्यांनाही फेरीत बोलवावं. कागदावरच्या फुटांवर वाद घालण्याआधी त्यांनीही एकदा झोळीचा बांबू खांद्यावर घेऊन त्या वळणावरून जाऊन पाहावं. आणि अडथळ्याविरुद्ध अर्ज करायची सहा महिन्यांची मुदत कधी संपते, ती तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवावी.