मूक गिटार आणि अभिजात वादनाचा रियाज

गिटारचा आवाज तारेतून निघतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः एकटी बारीक तार आपल्याभोवतीची हवा फारशी हलवू शकत नाही. तिचे कंपन घोडीवाटे वरच्या फळीत उतरते, विस्तीर्ण फळी हवेला हालचाल देते आणि पेटीतील पोकळी काही स्वरांशांना विशेष उठाव देते. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला हा व्यापार परिचित आहे. स्वरतंतूंच्या कंपनाला ‘अ’ किंवा ‘इ’ हे रूप मुखविवरामुळे प्राप्त होते. गिटारमध्ये तार स्वरतंतूंच्या जागी, तर फळी व पेटी मुखविवराच्या जागी आहेत. स्पेनमधील वाद्यकार आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) याने १८६२ मध्ये पाठ व कडा पुठ्ठ्याच्या असलेली एक गिटार घडविली, ती वरच्या फळीचे महत्त्व दाखविण्यासाठीच. ते वाद्य बार्सिलोना येथील संगीतविषयक संग्रहालयात जतन केलेले आहे.

मूक गिटारीत ही नाद देणारी फळीच नसते. यामाहा या जपानी कंपनीने २००१ मध्ये बाजारात आणलेल्या गिटारीत भरीव लाकडाचा अरुंद गाभा असून, वाद्य नेहमीप्रमाणे मांडीवर टेकावे म्हणून भोवती सुटी होणारी चौकट बसविलेली आहे. नायलॉन चुंबकाला दाद देत नसल्यामुळे पोलादी तारांच्या विद्युत्-गिटारीतील चुंबकीय योजना येथे उपयोगी पडत नाही. त्याऐवजी घोडीवरील आडव्या पट्टीखाली दाबविद्युत्-ग्राहक ठेवतात. तो कंपनाच्या दाबाचे विद्युत्-संकेतात रूपांतर करतो व वर्धित आवाज हेडफोनमधून वादकाच्या कानी पडतो. या मालिकेतील पुढच्या एका प्रकारात तारेची कंपनलांबी ६५० मिलिमीटर व वरच्या टोकाशी दांडीची रुंदी ५२ मिलिमीटर आहे. अभिजात गिटारची रूढ मापे हीच होत; त्यामुळे बोटांची सवय मोडत नाही.

रात्री उशिरा अथवा दाट वस्तीत रियाज करणाऱ्याला या वाद्याचा लाभ उघड आहे. स्वरसप्तकांची आवर्तने, डाव्या हाताची स्थानांतरे, तर्जनी व मध्यमा यांची आलटापालट, रचना मुखोद्गत करणे ही कामे निर्वेध होतात. एखादा पडदा नीट न दाबल्याने होणारी खरखरही हेडफोनमध्ये स्पष्ट ऐकू येते.

अडचण आहे ती बळाच्या अंदाजाची. माणसाला स्वतःचाच आवाज वाढवून ऐकविला, तर तो नकळत हळू बोलू लागतो, असे ध्वनिशास्त्रातील प्रयोगांत दिसून आले आहे. मूक गिटारीवरही हेच संभवते. हलका आघातसुद्धा कानात भरदार वाटतो, आणि हात त्या हलकेपणालाच प्रमाण मानू लागतो. मग तोच वादक सभागृहात लाकडी गिटार हाती घेतो, तेव्हा मागच्या रांगेपर्यंत स्वर पोचत नाही. शिवाय, कंपनाची शक्ती हवेत फारशी खर्च होत नसल्यामुळे मूक गिटारीवरील स्वर अधिक काळ टिकतो. लाकडी गिटारीवर स्वर लवकर विरतो, म्हणून दोन स्वर जोडण्याचे कौशल्य बोटांनी कमवावे लागते. मूक गिटारीवर ही उणीव झाकली जाते. त्यात कृत्रिम घुमाराची भर घातली, तर ती मुळीच जाणवत नाही.

नादाच्या गुणाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. फेर्नांदो सोर (१७७८–१८३९) नखाविना वाजवीत असे, तर त्याचा मित्र दियोनिसिओ आग्वादो (१७८४–१८४९) नखाने वाजवी. तारेशी होणाऱ्या स्पर्शातूनच वादकाचा स्वतःचा नाद घडतो, म्हणून हा मतभेद क्षुल्लक नव्हता. अशा स्पर्शभेदाला फळी जे उत्तर देते, आणि छातीला टेकलेल्या पेटीच्या कंपनातून जी जाणीव होते, ती ग्राहकाकडून पूर्णपणे मिळत नाही.

यावरून अभ्यासाची रीत ठरविता येते. मूक गिटारीवर घुमार बंद ठेवावा. आवाजाची पातळी लाकडी गिटारशी ताडून एकदाच ठरवावी व पुढे ती बदलू नये. रात्री मूक वाद्यावर बसविलेला भाग दुसऱ्या दिवशी लाकडी गिटारीवर वाजवून पाहावा, आणि बळ, स्वरांची जोड व नाद यांविषयीचा निर्णय तेथेच करावा. मूक गिटार बोटांच्या हालचाली पक्क्या करून देते. वादकाचा नाद मात्र फळीच्या सहवासातच घडतो.