बन्नेरघट्टा: कुंपणाच्या आत आणि पलीकडे

बंगळुरूत पाहुणे आले की बन्नेरघट्ट्याचा बेत ठरतोच. बसमधून वाघ, सिंह, अस्वलं बघायची, 2006 साली सुरू झालेल्या फुलपाखरू उद्यानात फिरायचं आणि घरी यायचं. जरूर जा. फक्त मंगळवार टाळा, त्या दिवशी सुट्टी असते.

पण एक गोष्ट समजून घ्या. सफारीतले हे प्राणी कुंपणाच्या आत राहतात. त्यांतले काही सर्कशींतून सोडवून आणलेले. खरं जंगल कुंपणापलीकडे आहे. 1974 साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेलं हे रान आज सुमारे 260 चौरस किलोमीटर आहे. नकाशावर बघा, उत्तर-दक्षिण लांबट, अरुंद पट्टा दिसेल. दक्षिणेकडे तो तामिळनाडूच्या आणि कावेरीकाठच्या जंगलांना जोडलेला आहे. हत्तींची ये-जा याच वाटेनं चालते.

रसदेची वाट तुटली की ठाणं टिकत नाही, हे प्रत्येक फौजी जाणतो. हत्तींचंही तसंच. वाट अडली की ते शेतात उतरतात. मग माणसंही मरतात आणि हत्तीही. म्हणून उद्यानाभोवती संवेदनशील क्षेत्र राखतात. 2016 च्या मसुद्यात ते सुमारे 269 चौरस किलोमीटर होतं. 2020 च्या अंतिम अधिसूचनेत सुमारे 169 उरलं.

तेव्हा जाताना दुर्बीण घ्या, मातकट कपडे घाला, आवाज करू नका. आणि निघण्याआधी नातवंडांना नकाशावर हत्तींची वाट बोटानं दाखवा.