बांधी सपाट करण्याआधी एक खड्डा



लागणीच्या आधी जमीन कशी तयार करावी, हे आम्ही या पानावर नेहमी लिहितो. खोल नांगरट, सपाटी, सऱ्या, बेणे. या वेळी सपाटीच्या एक पाऊल अलीकडचं लिहायचं आहे.

दवनीवाडा गटात काही सभासदांनी धानाच्या बांध्या मोडून ऊस लावण्याची तयारी चालविली आहे. धुरे काढायला मशीन येते. ती आलीच आहे तर शेताच्या कडेचा उंचवटाही "काढून टाका एकदाचा" म्हणून त्याच भाड्यात जातो. एका सभासदाच्या अशाच उंचवट्यातून खापरं, राख आणि कोळसा निघाला. त्यांनी मशीन थांबवली, मूठभर खापरं पिशवीत घालून गट कार्यालयात आणली, टेबलावर ओतली आणि विचारलं, "सायेब, हे का होय जी? सरकार माहं वावर तं नाही ना नेनार?"

खापराचं वय सांगणं आमचं काम नव्हे. आमची पदविका शेतकीची. पण मशीन थांबवली हे त्यांनी फार चांगलं केलं. असं का म्हणतो, त्यासाठी आधी आमचीच चूक सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीला आम्ही दुसऱ्या भागात होतो. तिथे एका ओसाड गावाची पांढरी होती. पांढरीची माती कसदार, हे खोटं नाही. पिढ्यान् पिढ्यांची राख, शेण आणि हाडं तिच्यात मुरलेली असतात. स्फुरद चांगलं असतं. आम्हीच सभासदांना सांगून ती माती सऱ्यांत टाकायला लावली. ट्रॉल्यांवर ट्रॉल्या गेल्या. मातीत नक्षीची खापरं निघत, मणी निघत. मणी पोरांनी खेळायला नेले. ऊस चांगला आला आणि आमची पाठ थोपटली गेली. दोन वर्षांनी एक अभ्यासक त्या पांढरीची चौकशी करीत आले. दाखवायला उरलं होतं ते विजेच्या खांबाभोवती सोडलेलं मातीचं ठिगळ. त्यांनी त्याचे थर मोजले, वहीत लिहिले, चहा घेतला आणि काही न बोलता गेले. तो चहा आम्हाला अजून आठवतो.

चाचणी खड्डा म्हणजे काय? माती परीक्षणासाठी आपण सगळं वावर उकरत नाही, चार-सहा ठिकाणचा नमुना घेतो. तसंच हे. सुतळीनं चौकोन आखतात. वरची कसाची माती वेगळी ठेवतात. मग थर बदलेल तसतसं हळूहळू खाली जातात आणि प्रत्येक थरातली खापरं वेगळ्या पिशवीत भरतात. खापराची किंमत खापरात नाही, ते कोणत्या थरात होतं त्यात आहे. मशीननं उलथलेल्या ढिगात खापरं तीच असतात, पण वहीची पानं फाडून पोत्यात भरल्यासारखी. काम झालं की खड्डा बुजवतात. कसाची माती शेवटी वर आली पाहिजे, एवढं आपण जातीनं उभं राहून बघावं. काहीच निघालं नाही तर मशीन पुढे जायला मोकळी. इंग्लंडात १९९० पासून बांधकामाची परवानगी देताना आधी असे चर घ्यायला लावतात आणि त्याचा खर्च बांधणाऱ्यावर असतो. आपल्याकडे खाजगी शेताला तशी सक्ती नाही, म्हणून सगळं शेतकऱ्याच्या मनावर आहे.

आपल्या भागातून वाहणारी वैनगंगा पुढे पवनीला जाते. तिथली जगन्नाथ टेकडी लोकांना टेकडीच वाटायची. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानं तिथे खोदलं, तर आत बौद्ध स्तूप निघाला.

पण ऊसवाल्यानं ऐकावी अशी गोष्ट इनामगावची. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी १९६८ ते १९८२ या काळात बारा हंगाम तिथे खोदकाम केलं. तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव निघालं. घरं, कणग्या, जव, गहू, मसूर. आणि गावाच्या कडेला पुराचं पाणी वळवायला घातलेला दोनशे मीटरहून लांब दगडमातीचा बांध आणि पाट! आपल्याकडे कोहळी मंडळींनी तलाव बांधून ऊस पिकवला, त्याचा आपल्याला अभिमान आहे. हा पाट त्याच्या कितीतरी आधीचा. पुढे पाऊसमान बिघडलं, शेती खालावली, मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि शेवटी गाव उठलं. हे सगळं थरांवरून वाचलं. तिथे आमच्यासारखा कुणी आधी ट्रॉल्या घेऊन गेला असता तर?

आता वावराची भीती. नुसती खापरं निघाली म्हणून जमीन जात नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात, त्या कायद्याखाली झालेल्या उत्खननानं शेताचं नुकसान झालं तर भरपाईची तरतूद आहे. जागा संरक्षित जाहीर झाली तर मात्र बंधनं येतात, हे लपवत नाही. तिथे वहिती करता येते, पण एक फुटापेक्षा खोल नाही. म्हणजे उसाची खोल नांगरट बंद. २०१० च्या दुरुस्तीनं संरक्षित जागेच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई झाली. म्हणून काही जण गुपचूप सपाट करून मोकळे होतात. त्यांचा हिशेब आम्हाला कळतो. पण शेताच्या कोपऱ्यातल्या प्रत्येक उंचवट्याला सरकार कुंपण घालत नाही. बहुतेक ठिकाणी नोंद होते, खड्डा बुजतो आणि शेतकरी आपल्या कामाला लागतो.

सोनं-नाणं निघालं तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे १० रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर शिक्षा आहे. रात्री कंदील घेऊन खणणाऱ्यांनी हे वाचावं.

सपाटीला मशीन सांगण्याआधी वावरातून एक फेरी मारा. राखेरी माती, खापरांचा सडा किंवा गोल मांडलेले दगड दिसले तर गट कार्यालयात कळवा. आम्ही येऊन जागा बघू आणि नागपूरच्या पुरातत्त्व कार्यालयाला किंवा विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला लिहू. खतासाठी पांढरी उकरू नका. प्रेसमड आहे, तलावाचा गाळ आहे.

त्या सभासदांनी उंचवट्याभोवती दहा फूट जागा सोडून बाकी वावरात सऱ्या पाडल्या आहेत. खापरांची पिशवी आमच्या कपाटात आहे, वर गट नंबर आणि तारीख लिहून. नागपूरला पत्र गेलं आहे.