नव्या संसाराची खरेदी : आधी सुरक्षा, मग शोभा

लग्नसराई सरली की नवी जोडपी भांड्यांच्या दुकानांत दिसू लागतात. ‘डॉक्टर, काय काय घ्यावे?’ असे मला पुष्कळजण विचारतात. रंग आणि सवलत दुकानदार सांगतोच. भाजलेल्या हातांवर मलमपट्टी करताना जे शिकलो, तेवढे मी सांगतो.

कुकरवर आयएसआय चिन्ह पाहूनच घ्यावा. १ फेब्रुवारी २०२१ पासून ते बंधनकारक आहे. शिट्टीची नळी चोंदली तर वाफेला सुरक्षा-झडपेतून वाट मिळते. म्हणून ही झडप बदलताना त्याच कंपनीची अस्सल घ्यावी.

शेगडीइतकेच लक्ष गॅसच्या नळीकडे द्यावे. आत तारेची जाळी असलेली ‘सुरक्षा’ नळी घ्यावी व दर ५ वर्षांनी बदलावी. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो. वास आल्यास दिव्याचे बटण चालूही करू नये, बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

फ्रिज घरातली माणसे मोजून घ्यावा. खच्चून भरला तर आत गार हवा खेळत नाही आणि अन्न लवकर नासते. आतले तापमान ५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये. प्लगची तिसरी पिन कधीही काढू नये; घरातले अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे.

पैसे अपुरे पडले तर मिक्सर दिवाळीला घ्या. नळी आणि अर्थिंग मात्र पहिली शेगडी पेटण्यापूर्वीच!