इटलीची तळी : देवाची आणि माणसांची

इटलीला जाऊन तळी पाहून आलो, असे सांगितले की ऐकणाऱ्याचा चेहरा जरा पडतोच. रोम नाही, पिसाचा कललेला मनोरा नाही, आणि तळी? "अहो, तळी काय आपल्या ठाण्यालाही आहेत!" असे आमचे एक शेजारी तोंडावर म्हणाले. त्यांच्यापुढे मी गप्प बसलो. पण दिवाळीत फराळाचे ताट पुढे घेऊन तुम्ही सवडीने वाचायला बसला असाल, तेव्हा तुम्हांला मात्र सगळे सांगतो.

प्रथम देवाने केलेली तळी. उत्तर इटलीत आल्प्सच्या पायथ्याशी ती ओळीने पसरली आहेत. त्यांतले सर्वांत मोठे गार्दा. एका टोकाला उभे राहिले तर दुसरे टोक दिसायचे नाव नाही. लांबी सुमारे ५२ किलोमीटर, म्हणजे बोरीबंदरहून निघालेली लोकल जवळजवळ कल्याणला पोचेल एवढी! खोली ३४६ मीटर. पश्चिमेचे कोमो त्याहूनही खोल, चारशे मीटरांच्या वर. मौज अशी की, कोमोचे पाणी समुद्रसपाटीपासून दोनशे मीटर उंच आहे, पण त्याचा तळ समुद्रसपाटीच्याही दोनशे मीटर खाली आहे. ही खोदाई कुणाची? बर्फाची. हिमयुगात डोंगरांवरून सरकणाऱ्या प्रचंड हिमनद्यांनी दऱ्या खरवडून काढल्या आणि बर्फ वितळल्यावर तिथे पाणी साठले.

गार्दाच्या काठी, बर्फाच्या शिखरांच्या सावलीत, लिंबाच्या बागा पाहून आमच्या सौ. चकितच झाल्या. एवढे पाणी उन्हाळ्याची ऊब पोटात साठवते आणि हिवाळ्यात हळूहळू सोडते. त्यात भर म्हणून जुन्या लोकांनी बागांभोवती दगडी खांब उभारले आणि थंडीत त्यांवर लाकडाची व काचेची छपरे चढवली. तळ्याशी कसे गोडीने राहावे ते त्या माळ्यांकडून शिकावे.

कोमो गावात १७४५ साली आलेस्सांद्रो व्होल्टा जन्मला. १८०० साली त्याने विजेची पहिली घटमाला जगापुढे मांडली, आणि विजेच्या 'व्होल्ट'ला नाव मिळाले ते त्याचेच. तळ्याकाठच्या या माणसाने जगाला विजेची गोडी लावली, आणि पुढे त्या विजेपायीच माणूस स्वतः तळी करू लागला. ती पाहायला आम्ही निघालो.

बोल्झानो, मेरानो करीत आगगाडीने माल्स गाठले. तिथून बसने थेट ऑस्ट्रियाच्या सरहद्दीपर्यंत. दीड हजार मीटर उंचीवर निळेशार पाणी, आणि त्या पाण्यातून एकटाच वर आलेला चर्चचा मनोरा! चर्च नाही, गाव नाही, नुसता मनोरा. गळ्यापर्यंत बुडालेला माणूस काही सांगू पाहतो आहे, तसा.

हे रेझियाचे तळे. मुळात इथे लहानलहान नैसर्गिक तळी होती आणि त्यांच्या काठी ग्राउन नावाचे गाव. पाणी पाच मीटर चढवायचे, असा पूर्वीचा बेत होता. पुढे पाचाचे बावीस झाले. त्याची जाहीर सूचना लागली ती इटालियन भाषेत. गावकरी मात्र जर्मन बोलणारे! हा मुलूख पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे आलेला. लोकांनी विरोध केला, गाऱ्हाणे रोमला पोपच्या कानांवर घातले. उपयोग झाला नाही. १९५० साली १६३ घरे आणि पाचशे हेक्टरांहून जास्त जमीन पाण्याखाली गेली. घरे सुरुंग लावून पाडली. चौदाव्या शतकातला मनोरा तेवढा राहू दिला.

हिवाळ्यात तळे गोठते आणि बर्फावरून चालत मनोऱ्यापर्यंत जाता येते. थंडीच्या रात्री अजून घंटा ऐकू येतात, अशी आख्यायिका आहे. ती आम्ही उतरलो होतो त्या घरातल्या म्हाताऱ्या आजींनाच विचारली. पाणी आले तेव्हा त्या लहान होत्या. त्यांच्या मुलाने त्यांचे उत्तर आम्हांला समजावून सांगितले : "घंटा तर पाणी येण्याआधीच उतरवून नेल्या. पण ज्यांचे गाव गेले त्यांना ऐकू येत असतील, तर नाही कसे म्हणावे?"

काठावर माणसे हसतखेळत फोटो काढीत होती. आम्हीही काढणार होतो. पण सौ. काही बोलेनात. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "अहो, आमच्या आजीचे गाव मुळशीच्या पाण्यात आहे." मला हे लग्नापासून ठाऊक होते, पण जिथे तिथे सांगायची एक कौटुंबिक हकीगत, एवढेच. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, तरी धरण झालेच. आणि मुंबईला वीज मिळाली. आजी शेवटपर्यंत "आमचे गाव पाण्यात आहे" म्हणायच्या, "होते" कधी म्हणाल्या नाहीत. त्या "आहे"चा अर्थ मला रेझियाच्या काठी कळला.

यानंतर व्हेनिसच्या उत्तरेला वायोंतची दरी पाहिली. तिथे माणसाने २६१ मीटर उंचीचे धरण बांधले. त्या काळी जगातल्या सर्वांत उंच धरणांपैकी एक. पाणी चढू लागले तसा काठचा तोक डोंगर खचू लागला. १९६० साली एक कडा कोसळला आणि डोंगराला सुमारे दोन किलोमीटर लांबीची भेग पडली. आसपासचे लोक भ्यायले होते. तीना मेर्लिन ही पत्रकार बाई त्यांचे म्हणणे छापीत होती. खोट्या बातम्यांनी घबराट पसरवते म्हणून तिच्यावरच खटला झाला! ती निर्दोष सुटली, पण धरणाचे काम काही थांबले नाही.

९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री पावणेअकराच्या सुमारास डोंगराचा सुमारे २६ कोटी घनमीटर भाग तळ्यात कोसळला. पाणी उसळून धरणावरून पलीकडे गेले आणि काही मिनिटांत खालचे लोंगारोने गाव धुऊन निघाले. सुमारे दोन हजार माणसे गेली. आणि धरण? ते फुटले नाही. आजही तसेच उभे आहे! इंजिनिअरांनी भिंत उत्तम बांधली होती. डोंगराचे मात्र ऐकले नव्हते.

लोंगारोनेजवळ पिरागो इथे चर्च वाहून गेले, पण मनोरा राहिला. जवळच्या फोर्तोन्याच्या स्मशानभूमीत १,९१० पांढरे दगड ओळीने उभे आहेत. आम्ही त्यांच्यामधून चाललो आणि काही न बोलता परत फिरलो.

धरणे नकोत, असे मी म्हणत नाही. हा लेख मी विजेच्या दिव्याखालीच लिहितो आहे. पण बर्फाने खणलेल्या तळ्याला कुणाचे देणे नसते. माणसाने केलेल्या प्रत्येक तळ्याच्या पोटात कुणाचे तरी अंगण असते. पाणी अडवण्यापूर्वी त्या अंगणातल्या माणसाला त्याच्या भाषेत विचारावे आणि डोंगराला भेग पडली तर ती पाहावी, एवढे तरी व्हावे.

गेल्या दिवाळीत आकाशकंदिलाचे बटण दाबून मी आत वळलो, तर सौ. उंबऱ्याशी पणत्या मांडीत होत्या. नेहमीपेक्षा एक जास्त होती. कुणासाठी, ते मी विचारले नाही.