पुन्हा ‘पायथन’ : नाव जुने, घडण नवी

कोल्ट या अमेरिकी कंपनीने जानेवारी २०२० मध्ये ‘पायथन’ हे रिव्हॉल्व्हर पुन्हा बाजारात आणले. त्याचे नियमित उत्पादन थांबून तेव्हा दोन दशके उलटली होती. बातमी येताच अमेरिकेतील बंदूकशौकिनांत दोन तट पडले. अनेक वर्षे वाट पाहणाऱ्या खरेदीदारांनी तिचे स्वागत केले. पायथन हे नाव एका विशिष्ट कारागिरीचे आहे आणि ती कारागिरी नसेल तर ते नाव वापरू नये, असे मानणारे जुने मालक आणि संग्राहक नाराज झाले. सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरची पोलीस आणि लष्करातील सद्दी केव्हाच संपली आहे. तरीही या परतीची एवढी चर्चा झाली. तिचे कारण मूळ पायथनच्या घडणीत, ते थांबण्याच्या कारणांत आणि परतताना त्यात झालेल्या बदलांत सापडते.

नावाची पुण्याई

सॅम्युअल कोल्टने फिरत्या सिलिंडरच्या बंदुकीचे अमेरिकी पेटंट १८३६ मध्ये मिळवले. कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे त्याचा कारखाना उभा राहिला आणि १८७३ च्या ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ या रिव्हॉल्व्हरमुळे कोल्टचे नाव अमेरिकेच्या पश्चिमेकडील वसाहतींच्या इतिहासाशी कायमचे जोडले गेले. विसाव्या शतकात स्मिथ अँड वेसन ही कोल्टची मुख्य प्रतिस्पर्धी होती. याच कंपनीने १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम हे जोरकस काडतूस आणले. त्या काडतुसासाठी कोल्टने १९५५ मध्ये बाजारात आणलेले सर्वांत महागडे, दिमाखदार रिव्हॉल्व्हर म्हणजे पायथन. त्याची किंमत १२५ डॉलर होती.

सापांची नावे देण्याची रीत कोल्टने १९५० च्या ‘कोब्रा’पासून सुरू केली होती. पुढे ‘डायमंडबॅक’, ‘किंग कोब्रा’, ‘ॲनाकोंडा’ अशी मालिकाच तयार झाली. शौकीन या सगळ्यांना मिळून ‘स्नेक गन्स’ म्हणतात. त्या मालिकेत पायथनचा मान सर्वांत मोठा.

हे रिव्हॉल्व्हर लांबूनही ओळखू येते. नळीच्या वर आडवी भोके असलेली पट्टी आहे. नळीखाली तोंडापर्यंत गेलेला पोलादाचा भरीव भाग आहे. त्यामुळे वजन पुढे येते आणि गोळी सुटल्यावर नळीचे तोंड कमी उचलले जाते. मूळ पायथनची खरी ख्याती मात्र ‘रॉयल ब्लू’ या गडद निळ्या झळाळीची. ही झळाळी रंगाचा थर देऊन येत नसे. पोलाद टप्प्याटप्प्याने, अधिकाधिक बारीक घासून आरशासारखे करायचे आणि मगच त्यावर रासायनिक प्रक्रिया करायची, अशी ती पद्धत होती. घासताना कडा बोथट झाल्या किंवा पृष्ठभाग किंचित लहरला, तरी तयार झळाळीत तो दोष उघड दिसे. त्यामुळे हे काम अनुभवी हातांकडेच जाई.

आतली यंत्रणा

पायथनची आतली रचना विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कोल्ट रिव्हॉल्व्हरांवरून आलेली होती. चाप ओढला की आतील एक छोटा दांडा सिलिंडरच्या मागील दात्यांना ढकलतो, सिलिंडर एक घर पुढे सरकतो आणि खालून वर येणारी खिट्टी त्याला जागेवर अडवते. मग घोडा पडतो. बहुतेक रिव्हॉल्व्हरांत या क्षणी सिलिंडरला किंचित हालचाल शिल्लक असते. जुन्या पायथनमध्ये चाप मागे दाबलेला असेपर्यंत तो दांडा सिलिंडरला खिट्टीवर रेटून धरतो, त्यामुळे सिलिंडर जराही हलत नाही. काडतुसाचे घर आणि नळी एका रेषेत राहण्यास याची मदत होते. शौकीन या पकडीची तुलना बँकेच्या तिजोरीच्या दाराशी करतात.

या गुणाची किंमतही मोजावी लागे. गोळीचा धक्का त्या छोट्या दांड्यावर येई आणि तो झिजे. झीज वाढली की घोडा पडण्याआधी सिलिंडर नीट अडकत नसे. याला ‘टायमिंग’ बिघडणे म्हणतात. ते दुरुस्त करायला पायथनचे अंतरंग जाणणारा कारागीर लागे. शिवाय इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराच्या मुख्य स्प्रिंगमुळे चाप ओढताना शेवटी जोर वाढत जाई. काहींना ही खूण आवडे, कारण घोडा कधी पडणार हे बोटाला आधीच कळते. इतरांना स्मिथ अँड वेसनची एकसारखी ओढ बरी वाटे.

स्पर्धेत उतरणाऱ्या अमेरिकी नेमबाजांनी यावर एक जोडतोड काढली होती. स्मिथ अँड वेसनच्या सांगाड्यावर ते पायथनची नळी बसवून घेत. अशा संकराला ‘स्मायथन’ हे टोपणनाव पडले. पायथनच्या भरभराटीच्या काळातही जाणकार त्याच्या गुणदोषांचा वेगवेगळा हिशेब करत होते, याचा हा पुरावा आहे.

उत्पादन का थांबले

कोलोरॅडो आणि फ्लोरिडाच्या महामार्ग पोलिसांनी पायथन वापरले होते. मात्र १९८० च्या दशकात अमेरिकी पोलीस दले जास्त गोळ्या मावणाऱ्या पिस्तुलांकडे वळू लागली. १९८५ मध्ये अमेरिकी लष्कराने कोल्टचे पिस्तूल सोडून बेरेटाचे निवडले. पुढच्याच वर्षी कोल्टच्या कारखान्यात संप सुरू झाला आणि तो चार वर्षे चालला. १९९२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

हाताने जुळवणी करावी लागणारे रिव्हॉल्व्हर अशा स्थितीत परवडणे अवघड होते. प्रत्येक भाग कानशीने घासून, लावून पाहून, पुन्हा घासून बसवायचा म्हणजे कारागिराचे तास खर्ची पडत. कारागीर निवृत्त होत गेले आणि नवे तयार करण्याइतका धंदा राहिला नव्हता. १९९९ मध्ये नियमित उत्पादन थांबवण्याचा निर्णय झाला. त्यानंतर काही वर्षे मागणीनुसार थोडी रिव्हॉल्व्हरे बनत राहिली आणि मग तीही बंद झाली.

पुरवठा आटल्यावर किंमत चढू लागली. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘द वॉकिंग डेड’ या मालिकेचा नायक रिक ग्राइम्स पायथन बाळगतो. त्या लोकप्रियतेने बंदुकींच्या जगाबाहेरचे खरेदीदारही आले. चांगल्या स्थितीतील जुने पायथन हजारो डॉलरना विकले जाऊ लागले आणि अनेकांनी ते चालवणे सोडून तिजोरीत ठेवले.

परतताना काय बदलले

कोल्टने थेट पायथनला हात घातला नाही. २०१७ मध्ये कोब्रा आणि २०१९ मध्ये किंग कोब्रा ही नावे आधी परत आणून तिने नव्या यंत्रणेचा अंदाज घेतला. त्यानंतर २०२० मध्ये पायथन आले आणि २०२१ मध्ये ॲनाकोंडा.

नवे पायथन सुरुवातीला फक्त स्टेनलेस स्टीलमध्ये मिळत होते. अधिक मजबूत पोलाद, मागच्या साइटखाली वाढवलेली धातूची जाडी, सहज बदलता येणारी पुढची माशी, कमी भागांची यंत्रणा आणि नव्या रचनेची मुख्य स्प्रिंग, असे बदल कंपनीने केले. भाग आता संगणकनियंत्रित यंत्रांवर इतक्या काटेकोर मापात कापले जातात, की जुळवणीच्या वेळी कानशीचे काम फारसे उरत नाही. आखूड नळीची लांबी चार इंचांऐवजी सव्वाचार इंच करण्यात आली. १०५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी लांबीच्या नळीची हातबंदूक कॅनडाच्या कायद्याने निषिद्ध होती, आणि सव्वाचार इंच म्हणजे सुमारे १०८ मिलिमीटर.

जाहीर किंमत १,४९९ डॉलर होती. १९५५ चे १२५ डॉलर महागाईच्या हिशेबाने २०२० मध्ये सुमारे १,२०० डॉलर होतात. म्हणजे पायथन जन्मापासूनच महाग होते आणि परततानाही त्याने तो बाणा सोडला नाही.

प्रतिक्रियांचे चार प्रवाह

पहिली प्रतिक्रिया संग्राहकांची होती. त्यांच्या लेखी रॉयल ब्लू नसलेले पायथन अपुरे. स्टेनलेस स्टीलची चकाकी त्यांना देखणी वाटली, तरी ती निळ्या पोलादाची जागा घेऊ शकत नव्हती. कोल्टने पुढे निळ्या झळाळीचे पायथनही आणले. पण जुन्या हातघिसाईची खोली त्यात आहे का, हा वाद चालूच राहिला. नवे आल्यावर जुन्याची किंमत कोसळेल, ही अटकळ मात्र फारशी खरी ठरली नाही. जुने पायथन हा संग्रहाचा माल आणि नवे हा वापराचा, अशी विभागणी बाजाराने आपोआप केली.

दुसरी प्रतिक्रिया मैदानावर गोळ्या झाडणाऱ्यांची. त्यांनी नव्या चापाची मऊ, सलग ओढ आणि नेमातील अचूकता वाखाणली. दर आठवड्याला मॅग्नम काडतुसे झाडूनही टायमिंगची धास्ती नाही, ही त्यांच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. जुने पायथन जपावे लागे, नवे निश्चिंतपणे वापरता येते, असा त्यांचा निवाडा आहे.

तिसरी प्रतिक्रिया संतापाची होती आणि तिला आधार होता. पहिल्या तुकडीतील काही रिव्हॉल्व्हरांत चाप ओढूनही सिलिंडर पुढच्या घरावर सरकत नसल्याचे आढळले. काहींच्या नळीच्या तोंडाशी ओरखडे होते. कंपनीने अशी रिव्हॉल्व्हरे परत घेऊन दुरुस्त केली आणि पुढच्या तुकड्यांबद्दल तक्रारी कमी झाल्या. एखाद्या अनोळखी नावाला अशी सुरुवातीची चूक माफ झाली असती. पायथन म्हणजे निर्दोष जुळवणी, अशी ज्यांची समजूत होती त्यांना ती सहन झाली नाही.

चौथी प्रतिक्रिया हिशेबी खरेदीदारांची. स्मिथ अँड वेसनचे ‘मॉडेल ६८६’ आणि रुगरचे ‘जीपी १००’ ही त्याच काडतुसाची दणकट रिव्हॉल्व्हरे बरीच स्वस्त होती. मग वरचे पैसे कशाचे, असा त्यांचा प्रश्न होता. तरीही २०२० मध्ये अमेरिकेत बंदूकविक्रीने उच्चांक गाठला आणि पायथनची मागणी पुरवठ्याच्या पुढेच राहिली.

इतर नावांचे पुनरागमन

स्मिथ अँड वेसनलाही असाच अनुभव आला. मार्च २००० मध्ये तिने क्लिंटन सरकारशी सुरक्षाविषयक करार केला आणि चिडलेल्या ग्राहकांनी तिच्यावर बहिष्कार टाकला. १९८७ मध्ये ११ कोटी २५ लाख डॉलरना घेतलेली ही कंपनी टॉमकिन्स या ब्रिटिश मालकाने २००१ मध्ये दीड कोटी डॉलरना विकली. त्यानंतर तिच्या रिव्हॉल्व्हरांत किल्लीने लावायचे अंतर्गत कुलूप आले. ‘क्लासिक’ मालिकेत जुनी मॉडेल्स परतली तेव्हा सांगाड्यावरचे किल्लीचे छोटे भोक अनेकांना खटकले. जुन्या रूपावरची ती नव्या काळाची खूण त्यांनी त्या कराराची आठवण मानली.

भारतातही एक जुने नाव परतले आहे. बर्मिंगहॅमच्या वेबली रिव्हॉल्व्हरांनी १८८७ पासून ब्रिटिश सैन्यात सेवा दिली आणि त्याच वाटेने ती हिंदुस्थानात पोहोचली. २०२० मध्ये वेबली अँड स्कॉटने लखनौच्या एका कंपनीसोबत उत्तर प्रदेशातील संडिला येथे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर बनवायला घेतले. येथे निवडीला कायद्याचे कुंपण आहे. लष्करी काडतुसे चालणारी बोअर सामान्य परवानाधारकाला निषिद्ध असल्याने .३२ हाच नेहमीचा पर्याय उरतो. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ रिव्हॉल्व्हरही वेबलीच्या रचनेवर बेतलेले आहे. त्यामुळे वेबलीचे नाव दीर्घकाळ दिसले नाही, तरी तिची घडण भारतीय परवानाधारकांच्या हाती होतीच.

दोन मापे

पायथनवरील वादात दोन्ही पक्ष वेगवेगळे माप लावतात. नेमबाज रिव्हॉल्व्हरचे काम मोजतो : अचूकता, टिकाऊपणा, दुरुस्तीची सोय. या मापावर नवे पायथन जुन्याच्या बरोबरीचे, काही बाबतींत सरस आहे. संग्राहक त्यात ओतलेले मानवी श्रम मोजतो, आणि त्या मापावर नवे कमी पडते. कारखाना नव्या यंत्रांनी पुन्हा उभारता येतो. पिढ्यान्‌पिढ्या कानशी आणि पॉलिशच्या चाकावर बसलेले हात तसे उभारता येत नाहीत. कोल्टने पायथनचा आकार, नळी आणि नाव परत आणले. जी कारागिरी परत आणणे परवडत नव्हते तिच्या जागी यंत्राची काटेकोरता आणली.

२०२१ मध्ये कोल्ट कंपनीच चेक प्रजासत्ताकातील सीझेड समूहाकडे गेली. मालकी बदलूनही पायथनचे उत्पादन सुरू राहिले आणि नळीच्या आणखी लांबी उपलब्ध झाल्या. पहिल्या तुकडीचे दोष मागे पडल्यावर नव्या पायथनला स्वतःचा वापरकर्ता वर्ग मिळाला आहे, आणि जुन्याचे मोल जाणणारा संग्राहक वर्ग त्याच्या शेजारी तसाच टिकून आहे.