हस्त कोरडा गेला तर

खैरलांजीच्या शेतकऱ्याने दुष्काळाची तक्रार केली तर सोलापूरकर हसेल. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा बालाघाटचा भाग; इथे वर्षाला सुमारे दीड हजार मिलिमीटर पाऊस पडतो, सोलापूरच्या जवळजवळ तिप्पट. नदीपलीकडच्या गोंदिया-भंडाऱ्यातही हेच चित्र: बांध्या, तलाव, बोड्या आणि धान. पण धानाला वर्षाची बेरीज कळत नाही, त्याला आठवडे कळतात. भारी धान निसवायला आले आणि हस्त कोरडा गेला, तर श्रावणात वाहून गेलेले पाणी कुणाच्या कामाचे?

पाणी तुटले की पीक पहिल्यांदा स्वतःचे तोंड मिटते. पानावरच्या सूक्ष्म रंध्रांतून वाफ बाहेर जाते, हवेतला कर्बवायू आत येतो. सुकणाऱ्या गव्हाच्या पानांत अ‍ॅब्सिसिक आम्ल झपाट्याने वाढते, हे १९६९ मध्ये लक्षात आले. ते ओळखणारी प्रथिने सापडायला २००९ उजाडले. या आम्लाच्या इशाऱ्यावर रंध्राच्या कडेच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडते, पाठोपाठ पाणी जाते, पेशी ढिल्या पडतात आणि रंध्र बंद होते. २०१८ मध्ये जपानी संशोधकांनी मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपावर दाखवले की कोरड पडलेल्या मुळांकडून एक इवलासा प्रथिनखंड पानापर्यंत जातो आणि तिथे हे आम्ल वाढवतो. वाचलेल्या पाण्याची किंमत मात्र उपासमारीने चुकवावी लागते: कर्बवायू अडतो, पान तापते, वाढ थांबते. दुपारी धानाची पाने सुरळीसारखी गुंडाळलेली दिसतात, तोही उन्हाला कमी अंग दाखवण्याचाच प्रकार.

पोटरीपर्यंत हे सारे धकून जाते, पुढे सूट नाही. लोंबी पानाच्या खोळीतून पुरती बाहेर पडत नाही, परागकोश नीट फुटत नाहीत. धानाचे फूल सकाळी काही तासच उघडते आणि पराग मिनिटांतच निकामी होतो. ती वेळ चुकली की नंतर कितीही पाणी द्या, दाणा पोचटच. म्हणून तलावातले शेवटचे पाणी कुणाच्या बांधीला आधी, हा भांडणाचा विषय मला वनस्पतिशास्त्राचाही वाटतो.

धानाची मुळे उथळ असतात, आणि त्यात आपलाही हात आहे. रोवणीआधी चिखलणी केली की खाली घट्ट थर बसतो. तो पाणी धरून ठेवतो, पण मुळांनाही अडवतो. २०१३ मध्ये फिलिपिन्सच्या एका माळरानी भातातला ‘ड्रो१’ हा जनुक आयआर६४ या उथळ मुळांच्या वाणात आणला, तेव्हा मुळे अधिक सरळ खाली गेली आणि कोरड्या रानात उत्पन्न टिकले. आपल्याकडे हजारीबागच्या केंद्रातून २०१० मध्ये ‘सहभागी धान’ आले, शंभर-एकशेपाच दिवसांचे. माझ्या मते अशा हलक्या वाणाचे मोठे बळ म्हणजे हस्ताआधीच काम उरकणे. बालाघाटच्या सुगंधी चिन्नोरला, ज्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही घाई परवडत नाही. तो उशिरा येणाराच.

सोलापूरची मालदांडी ज्वारी वेगळ्या हिशोबाने चालते. पेरणीनंतर पाऊस जवळजवळ नाहीच. काळ्या जमिनीतल्या साठलेल्या ओलीवर ती दिवस काढते. पानांवर मेणाचा थर असतो, आणि कर्बवायू आत कोंडून वापरण्याची सोय असल्याने रंध्रे अर्धवट मिटली तरी तिचे भागते. बारामतीजवळ माळेगावची अजैविक ताण व्यवस्थापन संस्था २००९ पासून पाणी, ऊन, क्षार यांचे असेच हिशोब तपासते आहे.

वैनगंगेकाठी या हिशोबात बसणारे पीक आहे लाखोरी. कापणीपूर्वी उभ्या धानात ती फेकून पेरायची, उरलेल्या ओलीवर ती येते. मात्र पाण्याच्या ताणात तिच्या दाण्यातले मज्जासंस्थेला घातक द्रव्य वाढते, आणि दुष्काळात महिनोन्‌महिने तिच्यावरच पोट भरणाऱ्यांचे पाय लुळे पडल्याचा इतिहास आहे. १९६१ नंतर अनेक राज्यांनी तिच्या विक्रीवर बंदी घातली. रायपूरच्या कृषी विद्यापीठाने ‘महातिवडा’ हे कमी विषाचे वाण काढले आहे; पण दाण्यात शेवटी किती विष उतरेल, ते त्या हंगामात बांधीत किती ओल उरली यावरही ठरते.